बारा जणांचा कॅरम

आमच्या न्हाणीच्या जुन्या दाराला चार भोकं आहेत आणि ती चारही मीच पाडून घेतली.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. मलकापुरात खेळांच्या दुकानात कॅरम खपवायला मुंबईहून कंपनीचा बडा साहेब आला. किंमत ऐकून आमचे शेजारी गुलाबराव सुतार म्हणाले, "साहेब, एवढे पैसे आणावे कुठून?"

साहेब हसला. "रोज दोन तास जास्त काम करा. बोर्डच असा आहे, की माणूस आपणहून राबेल."

संध्याकाळी अख्खी गल्ली माझ्या ओट्यावर जमली.

"आपुन का दिवसभर बसून राह्यतो बे?"

"त्याले म्हना, एक दिवस जिनातल्या धुराळ्यात उभा राह्य."

मी जिनातलाच, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या कारखान्यातलाच माणूस. तावातावानं उठलो आणि शपथ घेतली, "कंपनीचा बोर्ड या गल्लीत येनार नाही. आपला आपुन करू. फळी मी देतो!"

फळी म्हणजे न्हाणीचं सागवानी दार. (बायको, शांता, वडनेरला माहेरी गेली होती. ती यायच्या आत दार परत लावू, असा बेत.)

गुलाबराव दार पाहून म्हणाले, "कॅरम चौकोनी असते भाऊ. हे तं लांबोडकं हाय."

"काऊन? लांबोडक्यात सोंगट्या जात नाहीत का?"

त्यांनी चार कोपऱ्यांत भोकं पाडली, कडांना पट्ट्या ठोकल्या. पावडरीऐवजी शांताच्या डब्यातलं ज्वारीचं पीठ. एका वेळी बारा जण बसू लागले. असा बोर्ड कोणत्या कंपनीनं काढलाय?

तिसऱ्याच दिवशी शांता आली. सोबत धुळीनं माखलेल्या सासूबाई.

"पयले आंघोळ," त्या म्हणाल्या.

आम्ही पीठ झटकून दार घाईघाईनं बिजागरीत बसवलं. पट्ट्यांमुळं ते मिटेना. आतून शांत आवाज आला, "जवाईबापू, मले हितून तुमचा सारा ओटा दिसून राह्यला. म्हंजे ओट्यालेही मी दिसत असन."

त्या कोरड्याच बाहेर आल्या. शांता मला म्हणाली, "नवं दार लागल्याबिगर आई आंघोळ करनार नाही. अन् आंघोळ केल्याबिगर गावाले जानार नाही."

नवं दार कंपनीच्या बोर्डाहून महाग पडलं. मी मुकादमाला गाठून जिनात रोज दोन तास जास्त धरले.

शपथ मात्र मोडली नाही. कंपनीचा बोर्ड गल्लीत आला नाही. रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर आमचाच बोर्ड मांडला जाई आणि अकरा जण खेळत. बारावी जागा माझी. मी जिनात, साहेबानं सांगितलं होतं तस्सा, आपणहून राबत असे.