मनीषाताईंची सकाळची वंदना

देवदत्तराव जाऊन वर्ष होत आलं, तरी लखनौच्या वृंदावन योजना वसाहतीतल्या त्यांच्या घरात रोज सकाळी त्यांचा आवाज यायचा. नोकरीत दौरे फार, म्हणून त्यांनी त्रिशरण-पंचशील स्वतःच्या आवाजात घरच्या कॉम्प्युटरवर भरून ठेवलं होतं. सकाळी कॉम्प्युटर आपोआप सुरू होऊन ते लावायचा. पक्का लिनक्सवाला माणूस; विंडोजऐवजी ती फुकट मिळणारी प्रणालीच कॉम्प्युटरवर वापरायचा. फुकटच्या वस्तूवर असा जीव टाकणारा दुसरा नागपूरकर लखनौत शोधून सापडला नसता. ते एक ओळ म्हणत आणि थांबत. मग मनीषाताईंनी तीच ओळ मागून म्हणायची, विहारात म्हणतात तशी. गेल्यावरही ते तसेच थांबत राहिले. वरच्या मजल्यावरच्या भाभींनी तर धसका घेऊन येणंजाणंच सोडलं. मनीषाताईंना त्या आवाजाची भीती कधी वाटली नाही. तो बंद पडेल, एवढीच धास्ती होती.

आणि तो बंद पडलाच. एका अपडेटनंतर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली आणि गाडी तिथेच अडली. मुलगी स्वप्ना नोएडाहून आली. मराठी तिला सगळं कळतं, पण जीभ हिंदीकडेच वळते.

"हार्ड डिस्क जा रही है, मम्मी."

"बाकी सगळं जाऊ दे बाई. यांचा आवाज तेवढा काढ."

पोरीने पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं, मरणपंथाला लागलेल्या डिस्कमधून ती एकच फाइल ओढून काढली आणि ऐकली. दर ओळीनंतर नुसती शांतता. आवाजाचे तुकडे डिस्कने खाल्ले, असं तिला वाटलं. हे रेकॉर्डिंग ती हॉस्टेलला गेल्यानंतरचं, त्यातलं थांबणं तिला काय माहीत. पप्पांचा आवाज तुटका राहू नये म्हणून तिने एकेक मोकळी जागा मिटवली आणि त्याच फाइलवर सेव्ह केलं. नवी डिस्क बसवली, लिनक्स नव्याने टाकलं. जुनी डिस्क तोवर कायमची गेली होती.

सकाळी आवाज आला. मनीषाताईंनी हात जोडून तोंड उघडलं, तर दुसरी ओळ सुरू झालेली. त्या मागे धावू लागल्या. पंचशीलापर्यंत त्यांना धाप लागली आणि देवदत्तराव त्यांना मागे टाकून संपूनही गेले.

"एकदम साफ़ है न?" स्वप्ना चहा घेऊन दारात उभी होती. "बीच-बीच में सब ग़ायब था, मैंने जोड़ दिया."

"गायब नव्हतं गं. माझ्यासाठी थांबायचे ते."

 पोरीला रागवावं, असं मनीषाताईंच्या मनातही आलं नाही. आपलं माणूस दुसऱ्यांदा गेलं, एवढंच त्यांना कळत होतं, आणि या वेळी धीर द्यायला कुणी येणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कॉम्प्युटर सुरू होऊच दिला नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ओळ आधी म्हटली. मग त्या थांबल्या, ती मागून म्हणायला देवदत्तरावांना जेवढा वेळ लागला असता तेवढा.