शाफ्टच्या तोंडाशी राहिलेले बूट

ब्लास्टिंगच्या यंत्राची किल्ली माझ्या हातात होती. भोंगा तीनदा वाजून गेला होता. तेवढ्यात गमबूट वाटणारा घाटघरचा बुधाभाऊ चपला काढायच्या जागेपाशी वाकला आणि ओरडला, "नाना, थांबा! हे बूट कुणाचं?"

आधी शाफ्ट म्हणजे काय ते सांगतो. जमिनीच्या पोटात उतरायची उभी विहीरच ती. विहिरीला पाणी लागलं की लोक पेढे वाटतात, शाफ्टला लागलं की आम्ही पंप शोधत पळतो. तळाला भोकं पाडायची, दारू भरायची, वर येऊन उडवायची. फुटलेला दगड बादलीनं काढायचा, कडेनं काँक्रीट ओतायचं, की पुन्हा भोकं. तीस वर्षं मी कोळशाच्या खाणीत हेच केलं. रिटायर होऊन गावी, पिंपरी पेंढारला येतोय, तोवर घाटघरच्या बाजूला पाण्याच्या बोगद्यासाठी शाफ्ट निघाला आणि मी पुन्हा फोरमन झालो. शाफ्ट खोल किती? सकाळी वरून शिवी हासडली तर खालचा गडी दुपारी चिडायचा.

नियम साधा. उतरताना आपलं पितळी टोकन बोर्डावर अडकवायचं, वर आलं की काढायचं. बोर्ड रिकामा म्हणजे शाफ्ट रिकामा. घाटघरच्या गड्यांनी त्यात आपली रीत घातली होती: तोंडाशी चपला काढून नमस्कार, मगच गमबूट; वर आलं की गमबूट परत आणि चपला पायात.

आमचे प्रोजेक्ट मॅनेजर पुण्याचे. बुटांना एवढं पॉलिश, की त्यात बघून दाढी करावी; गमबूटही स्वतःचे, गाडीतून आणलेले. पहिल्याच दिवशी मी टोकन पुढे केलं, तर म्हणाले, "अहो फोरमन, टोकन लेबरसाठी असतं." फुटलेल्या दगडाला हुद्दा वाचता येतो, असा त्यांचा समज असावा.

"बोर्ड रिकामाय नाना, उडवा," सुपरवायझर म्हणाला. "साहेब मघाशीच ऑफिसात गेले असतील."

"बूट इथं ठेवून?"

"गमबुटात गेले असतील."

"त्यो?" बुधाभाऊ म्हणाला. "चिखलाचा ठिपका पडला तर गाडीत बसून पुसणारा गडी!"

माणसंही बादलीतूनच उतरायची, पण ती चालवणाऱ्याची पाळी नुकतीच बदललेली. नव्याला काहीच माहीत नव्हतं. साहेबांचा फोन लागेना. मी वायर सोडवली, किल्ली खिशात टाकली आणि बुधाभाऊला घेऊन खाली उतरलो.

तळाला एका अंगाला आडवा बोगदा काढलाय. साहेब त्यात उभे. डोक्यावर दिवा, हातात मोबाईल, आणि मोबाईलला भाषण चाललेलं: "आमच्या साइटवर सेफ्टी फर्स्ट..."

"साहेब, भोंगा ऐकला नाही?"

"ऐकला की. मला वाटलं, जेवणाचा."

"जेवणाचाच व्हता," बुधाभाऊ म्हणाला, "पर तुमच्या तेराव्याच्या."

मी दारू भरलेली भोकं दाखवली. साहेबांचा चेहरा चुन्यासारखा झाला. वर येताना त्यांनी माझा पट्टा असा काही धरला, की मला आठवडाभर पँट सावरत हिंडावं लागलं. मग वायर जोडून मी किल्ली फिरवली. ऑफिसात साहेबांच्या कपातला चहा नाचला.

दुसऱ्या दिवशी बोर्डाशेजारी साहेबांच्या सहीची नोटीस लागली. टोकनाशिवाय कोणीही उतरू नये. लेबरनं हयगय केल्यास कारवाई होईल. तसंच शाफ्टच्या तोंडाशी बूट-चपला ठेवू नयेत, व्हिजिटरना अस्वच्छ दिसतं.

बुधाभाऊनं नोटीस दोनदा वाचून घेतली आणि सगळ्या चपला तिच्याच खाली नीट ओळीत लावल्या. किल्ली फिरवण्याआधी तिथं एखादा जोड उरलाय का, ते मी बघतो. साहेबांचं टोकन नंतर बघतो.