‘लाकडाचाच आसा ता’

सावंतवाडीहून बांद्याकडे जाताना रस्त्यालगत एक खासगी पॅथॉलॉजी लॅब होती. तिथे मी सहा वर्षं टेक्निशियन म्हणून काम केलं. रक्त-लघवीच्या तपासण्या बाकीच्या मुली करायच्या. माझ्याकडे यायचे ते ऑपरेशनमध्ये काढलेले तुकडे: पित्ताशय, गर्भाशय, कुणाच्या स्तनातली गाठ. तुकडा आधी फॉर्मॅलिनमध्ये, मग अल्कोहोलमध्ये, मग झायलीनमध्ये आणि शेवटी वितळलेल्या मेणात, म्हणजे तपासायला पातळ काप घेता येतात. झायलीनमध्ये पडला की मांसाचा धुरकटपणा जातो, मेणचट काचेसारखं दिसायला लागतं. माणसाच्या मांसाची मला कधी किळस वाटली नाही. किळस वाटायची ती झायलीनच्या वासाची. गोडसर, रंगाच्या दुकानातल्या थिनरसारखा. हातमोजे घालूनही तो बोटांना राहायचा. दुपारी डबा उघडला की भातालाही तोच वास आहे असं वाटायचं.

लॅबचे मालक डॉक्टर मूळचे इथले नव्हते. मृदू बोलणारे, नीटनेटके आणि शब्दांचे शौकीन. चहाच्या वेळी एखादा इंग्रजी शब्द घेऊन त्याचं कूळ सांगत बसायचे. एकदा त्यांनी मला विचारलं, झायलीन हे नाव कुठून आलं? मला माहीत नव्हतं. मग त्यांनी सांगितलं की ग्रीक भाषेत ‘झायलॉन’ म्हणजे लाकूड. झाडातलं झायलेम त्याच्यावरून. झायलोफोन म्हणजे लाकडाचा आवाज. झायलोग्राफ म्हणजे लाकडी ठशावरून छापलेलं चित्र. वाळवी लाकूड खाते म्हणून इंग्रजीत ती झायलोफॅगस. ते दिवसभर बिनसाखरेचं च्युइंगम चघळायचे. त्याला गोडी आणणारं झायलिटॉलही त्याच घरातलं. आणि झायलीन पहिल्यांदा सापडलं ते लाकडापासून काढलेल्या तेलकट अर्कात, म्हणून त्याचंही नाव तेच.

त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. शाळेत मी जलवाहिनी शिकले, पुढे बीएस्सीला तिचंच झायलेम झालं, आणि इतकी वर्षं मी तो शब्द नुसता पाठ केला होता. आता कुणीतरी मला त्याच्या आत नेलं होतं. आपल्याला इतकं सांगणारा माणूस चांगलाच असणार, असं मी धरून चालले.

वापरलेल्या झायलीनचं काय करायचं, हा प्रश्न सुरुवातीपासून होता. कचरा न्यायला येणारी गाडी पिशव्या न्यायची, पण हे पातळ घ्यायला तयार नसायची. ते न्यायला वेगळी माणसं लागत, आणि त्यांचे पैसे वेगळे. डॉक्टर म्हणाले, मागच्या सिंकमध्ये ओता आणि वरून भरपूर पाणी सोडा. बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं की गटारात ओतू नये. मी ते वाचलेलं होतं. तरी दर शनिवारी ओतत होते. सिंकचा पाइप लॅबमागच्या शोषखड्ड्यात जायचा. खड्ड्यापलीकडे चिऱ्यांच्या बुटक्या भिंतीचा गडगा, आणि गडग्याला लागून एका बाईची भाजीची बाग आणि तिची बाव, म्हणजे विहीर.

ती बाई साठीच्या पुढची, ख्रिश्चन. मुलगी लग्न होऊन म्हापशाला, घरात ती एकटीच. केळी, तांबडी भाजी, मुळे लावायची आणि बांद्याच्या बाजारात नेऊन विकायची. आम्ही सगळ्या तिला मांय म्हणायचो. मी गडग्याजवळ फोनवर बोलत उभी राहिले की ती माझ्या घरच्यांची चौकशी करायची. ती मला बाय म्हणायची.

एका वर्षी पावसात तो खड्डा तुंबला आणि वरून वाहू लागला. गणपती होऊन गेल्यावर एके सकाळी मांय लॅबमध्ये आली. हातात कोल्ड्रिंकची रिकामी बाटली, तिच्यात बावीचं पाणी. तिने ती रक्त द्यायला बसलेल्या लोकांसमोर काउंटरवर ठेवली आणि पाण्याला वास येतो, इथलं काही येतं काय, असं विचारलं. मी झाकण उघडलं. वास घ्यायची गरजच नव्हती.

डॉक्टर बाहेर आले. त्यांनी तिला केबिनमध्ये खुर्ची दिली, चहा मागवला आणि मलाही आत बोलावलं. मग त्यांनी तिला तेच सगळं सांगितलं जे मला सांगितलं होतं: लाकडाचा ग्रीक शब्द, झायलेम, झायलोफोन. इतक्या गोड आवाजात की मलाच क्षणभर वाटलं, चहाची वेळ झाली आहे. शेवटी त्यांनी खिशातून च्युइंगमची वडी काढून तिच्या हातावर ठेवली. हेही त्याच जातीचं, मी दिवसभर खातो, मला काही झालंय का, असं म्हणाले. तिने ती संकोचाने तोंडात टाकली. चघळायची की गिळायची तिला कळेना. ती गालात धरून माझ्याकडे बघत राहिली.

डॉक्टर मला म्हणाले, “हिला तुमच्या भाषेत सांगा.”

मांय म्हणाली, “माका बाकीचा काय कळणा नाय गो बाय. ह्या पाणी पिऊचा की नको, तेवढाच सांग.”

मला माहीत होतं की आमच्या बाटलीतलं झायलीन लाकडातून आलेलं नाही, ते खनिज तेलापासून करतात. शब्द लाकडाचा असला म्हणून वस्तू लाकडाची होत नाही, हेही मला कळत होतं. डॉक्टर बघत होते.

मी म्हटलं, “लाकडाचाच आसा ता, मांय. काय एक होवचा नाय.”

तिच्या चेहऱ्यावरचा ताण लगेच उतरला. तिने चहा संपवला, डॉक्टरांना हात जोडले आणि गेली. च्युइंगम बहुधा गिळलंच तिने. मी मागे जाऊन साबणाने हात धुतले, मग तोंड धुतलं. आरशात बघवेना. ती बाटली काउंटरवरच राहिली होती. डॉक्टरांनी ती ओतून टाकायला सांगितली, आणि मी ती त्याच सिंकमध्ये ओतली.

पुढचे काही आठवडे माझं जेवण तुटलं. शनिवारचं ओतणं चालूच होतं. फक्त मी आता नळ जास्त वेळ सोडून ठेवायचे, जणू त्याने काही होणार होतं. गडग्यापलीकडून मांय हाक मारायची आणि मी ऐकू न आल्यासारखं करायचे. ती बावीवर कळशी भरताना दिसायची.

दिवाळीच्या थोडं आधी ती तांबड्या भाजीच्या दोन जुड्या घेऊन आली. डॉक्टरांनी चहा पाजला, नीट समजावून सांगितलं, म्हणून आणल्या होत्या. डॉक्टर हसून आभारी आहे म्हणाले. ती गेल्यावर त्यांनी जुड्यांना हात न लावता माझ्याकडे बोट केलं.

“ती भाजी तुम्ही न्या. नाहीतर टाकून द्या. आमच्या घरी नको.”

एवढंच बोलून ते आत गेले. पाण्यात काय आहे हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं, याबद्दल मला तोवर थोडी तरी शंका ठेवायची होती. ती शंका आता गेली. मला शिसारी आली, त्यांच्या स्वच्छ बोटांची, त्यांच्या मृदू आवाजाची. त्यांनी शिकवलेले ते सगळे शब्द मला माझ्या तोंडात चघळून चोथा झालेले वाटले.

संध्याकाळी काम संपल्यावर मी मांयच्या घरी गेले. ती पडवीत बसून मुळ्यांची माती काढत होती. मी उभ्यानेच सांगितलं: ते लाकडाचं नाही, विषारी आहे, पिऊ नको, भाजीलाही घालू नको, आणि ते ओतणारी मीच. मग तिने विचारलं, त्या दिवशी तू सांगितलंस तेव्हा तुला माहीत होतं का. मी हो म्हटलं.

तिने हातातला मुळा खाली ठेवला.

“डॉक्टरान सांगल्यान ता माका कळूकच नाय, बाय. तुझा कळला.”

ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती उठून आत गेली आणि पिण्याच्या पाण्याचा हंडा अंगणात आणून ओतू लागली. मी मदतीला पुढे झाले, तर तिने हाताने थांब म्हणून खूण केली.

दुसऱ्या दिवशी मी लॅबमध्ये गेले नाही, पुढेही कधी नाही. ग्रामपंचायतीत तक्रारीचा अर्ज दिला. कारकुनाने ‘झायलीन’ खोडून मराठी शब्द लिहायला सांगितला. मराठी शब्द नाही, म्हटलं, तर तो म्हणाला असं कसं, काहीतरी असेलच, आणि त्यानेच ‘केमिकलचे पाणी’ असं लिहिलं. खाली मी सही केली आणि ते मी ओतलं हेही लिहिलं. पंधरवड्याने सरकारी माणसं येऊन पाण्याचा नमुना घेऊन गेली. अहवालात काय आलं ते मला कुणी दाखवलं नाही. लॅबच्या मागे नवा ड्रम आला आणि तो न्यायला गाडी येऊ लागली, एवढं मला तिथल्या मुलीकडून कळलं. डॉक्टरांचा एकदा फोन आला. ते रागावले नव्हते. मी भावनेच्या भरात करिअर घालवलं, असं त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं. मी ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

बाव दोनदा उपसली. वास गेला म्हणतात. मांय ते पाणी झाडांनाही घालत नाही. बाग आता निम्मी राहिली आहे. उन्हाळ्यात तिकडच्या नळाला दिवसाआड पाणी येतं, तेव्हा ती दोन कळश्या घेऊन रस्त्यापर्यंत जाते आणि भरलेल्या बावीवरून परत येते. मी हे एकदाच पाहिलं, बसमधून. बस थांब्यावर उभी होती. उतरता आलं असतं. मी उतरले नाही.