जूनची बोली

पैशाची मागणी, पैशाचा पुरवठा आणि व्याजदर हे प्रकरण मी विरारच्या एका ज्युनियर कॉलेजात वीस वर्षं शिकवत आले आहे. खरं सांगायचं तर त्यातली बरीचशी वर्षं मी नुसती आकृती काढली. उभी रेघ म्हणजे पुरवठा, वरून खाली उतरणारी तिरकी रेघ म्हणजे मागणी, दोन्ही जिथे छेदतात तिथे व्याजदर. पट्टीने रेघा मारा, नावं द्या, मार्क घ्या. पापडीहून स्कूटर हाणत यायचं, खडू उचलायचा आणि मोकळं व्हायचं. त्याचं मला फारसं वाईटही वाटत नसे.

मग बारावीच्या वर्गात ती मुलगी आली. फुलपाड्यात राहायची. वडील नव्हते. आई सातिवलीच्या एका गाळ्यात पॅकिंगचं काम करायची आणि बारावी झाली की मुलीलाही तिथेच लावायचं, असं तिने शेटकडे बोलूनही ठेवलं होतं. मुलीला मात्र पुढे अकाउंट्सच्या पदवीला जायचं होतं. त्याची फी एकदम भरावी लागते आणि तेवढे पैसे घरात नव्हते. हे सगळं तिने मला पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं, तेही मी फक्त वही का आणली नाही असं विचारल्यावर.

आकृती काढून मी हात झटकले, तर ही उभी. "मॅडम, पण हा रेट फिक्स कोण करतं?"

"कोणीच नाही. आपोआप ठरतो."

"असं कसं आपोआप? कोणीतरी बोललं पाहिजे ना."

मी चिडले. मी लवकर चिडते, हे आमच्या स्टाफरूमला ठाऊक आहे. "बस खाली, आकृती उतरवून घे," म्हटलं आणि तास संपवला. पण घरी जाताना सबंध रस्ताभर तो प्रश्न डोक्यात होता, कारण मला स्वतःलाच तो कधी पडला नव्हता. आपोआप म्हणजे काय, हे मी एकदाही डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी चिंचोके घेऊन गेले. सगळ्यांना दहा-दहा वाटले, म्हटलं हा पैसा, आता एकमेकांकडून कर्ज घ्या आणि व्याज ठरवा. कोणी हललं नाही. सगळ्यांकडे सारखेच, गरज कोणाला नाही, मग घेणार कोण आणि देणार कोण? मागच्या बाकावर चिंचोक्यांनी खेळ सुरू झाला. माझी चांगलीच फजिती झाली.

तेव्हा ती पुढे आली. "मॅडम, आमच्या चाळीत बोलीची भिशी असते. तसं करू?"

तिने बारा मुलींना गोल बसवलं. दर महिन्याला प्रत्येकीने तीन चिंचोके मध्ये टाकायचे, म्हणजे छत्तीस होतात. ते छत्तीस त्या महिन्यात एकीनेच उचलायचे, आणि एकदा उचलले की पुन्हा बोलायचं नाही. पण कोणी उचलायचे? जी सगळ्यात जास्त सोडायला तयार होईल, तिने. ती जेवढे सोडेल तेवढे सगळ्यांत वाटून टाकायचे. शेवटच्या महिन्यात जी उरते तिला पुरे मिळतात. मग तिने प्रत्येकीच्या कानात एकेक गरज सांगितली आणि मला म्हणाली, "आता तुम्ही महिना सांगा."

मी जानेवारी म्हटलं. बोली दोनवर थांबली. फेब्रुवारीत एकावर. मग मी एकदम जून म्हटलं, आणि वर्गात काय झालं ते मी कधी विसरणार नाही. चार. पाच. सहा. मुली गुडघ्यांवर उठल्या, ओरडायला लागल्या. शाळा, क्लास, छपराचे पत्रे, सगळ्यांच्या गरजा एकाच महिन्यात येऊन पडलेल्या आणि चिंचोके तेवढेच. बोली आठवर गेली. मी नोव्हेंबर म्हटलं, दिवाळीचा बोनस झाला म्हणून उरलेल्या मुलींना वरचे चिंचोके दिले, तर आवाज पार बसला. एकावरही कोणी बोलेना.

कोणी भाव ठरवला नव्हता. मी नाही, तिने नाही. तरी तो सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चढला आणि उतरला. इतकी वर्षं जी रेघ मी पट्टीने मारत होते ती जिवंत होती, तिला श्वास होता, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. त्या दिवशी मी फळ्यावर काही लिहिलंच नाही.

बारावीत तिला चांगले मार्क पडले. जूनमध्ये पदवीच्या कॉलेजच्या यादीत नाव लागलं, आणि फी भरायला चार दिवसांची मुदत होती. ती मला सांगायला आली, पण चेहऱ्यावर आनंद नव्हता. आईने चाळीतली भिशी डिसेंबरला उचलायचं ठरवलं होतं, पूर्ण छत्तीस हजार, खोलीच्या डिपॉझिटसाठी. "जूनला आई कधीच बोलत नाही मॅडम. जूनला खूप जातात." मग म्हणाली, "रविवारी दुपारी बोली आहे. बघायला येणार?"

मी गेले. फुलपाड्यातल्या एका लहानशा खोलीत चटईवर बारा बाया बसल्या होत्या. भिशी चालवणाऱ्या काकूंनी मला खुर्ची दिली, मी खालीच बसले. मुलगी कोपऱ्यात वही घेऊन होती, कारण बोली लिहायचं काम तिचं. पाच जणींची उचलून झाली होती, सात उरल्या होत्या. तिची आई भिंतीला टेकून, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसलेली.

दोन हजारांपासून सुरुवात झाली. एकीला मुलाची अकरावी होती, एकीला घरावर पत्रे टाकायचे होते. तीन. साडेतीन. पाच. हुबेहूब माझा वर्ग, फक्त इथे कोणी ओरडत नव्हतं. प्रत्येक आकड्याआधी बाई क्षणभर खाली बघायची. सहा हजारांवर बोली अडली.

मला राहवलं नाही. मी बोलून गेले, "मुलीची फी मी भरते. बिनव्याजी. सावकाश द्या."

बाया हसल्या. काकू म्हणाल्या, "मॅडम, भिशीत भायेरचा पैसा नाय चालत. भाव बिघडतो." मी, पुरवठा वाढला की व्याज पडतं हे वर्षानुवर्षं शिकवणारी बाई, लाजेने कानकोंडी झाले.

मुलीची आई मात्र हसली नाही. माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, "तुमचे घेतले तर मला रोज तुमची आठवन येईल. हे माझे हायत." आणि काकूंकडे वळून म्हणाली, "सात."

कोपऱ्यातून मुलगी म्हणाली, "आई, नको ना. डिसेंबरला पूर्ण मिळतील. आता एकोणतीसच येतील, हे खूप महाग आहे."

"महाग हाय ते मला कलतं."

"मग थांब ना."

"डिसेंबरला तुजं कॉलेज थांबनार हाय का? लिव."

व्याज चढलं की माणसं मागे सरतात, असं मी शिकवते. त्या खोलीत सहा बाया मागे सरल्याच होत्या, पुस्तकात तसंच आहे. पण सगळ्या सरल्यावरही एक जण बसून राहते, ती कोण असते आणि का बसते, हे मी एकाही मुलाला आजवर सांगितलं नव्हतं. मला त्या बाईकडे बघवेना आणि नजर काढताही येईना.

काकूंनी तीनदा विचारलं. कोणी वर गेलं नाही. मुलीचं पेन वहीवर टेकलेलं, पण हलत नव्हतं.

"लिव," आई पुन्हा म्हणाली, या वेळी अगदी हळू.

तिने आईचं नाव लिहिलं आणि त्याच्यापुढे सात हजार.