करड्या शर्टातले भाऊ

पलूसच्या एका लग्नात मी नवरीची हळद घालवली. हळद नीट लागली होती, फोटोही नीट निघाले होते. पण लॅपटॉपवरच्या एडिटर सॉफ्टवेअरमधून बाहेर काढून घरच्यांच्या मोबाइलवर पाठवले, तर पोरगी गाळात लोळून आल्यासारखी दिसायला लागली. माझ्या लॅपटॉपवर मात्र ती झळझळीत पिवळी होती. नवरीच्या आईचा फोन आला तेव्हा मी छातीठोकपणे सांगितलं, "मावशी, मोबाइल बदला."

मावशींनी मोबाइल बदलला नाही. त्या सरळ सांगलीला आमच्या फोटो लॅबमध्ये आल्या. "माझ्या पोरीला हळद लावली हुती का राख, रं?" असं त्यांनी सगळ्या गिऱ्हाइकांदेखत विचारलं. पोरगी चार दिवसांत फौजी नवऱ्याबरोबर पार आसामकडे निघणार होती आणि तिला अल्बम सोबत न्यायचा होता. "असला अल्बम मी तिच्या हातात देणार न्हाई," मावशी म्हणाल्या. माझं हे पहिलं स्वतंत्र काम. ते बुडालं असतं तर पलूसच्या बाजूला मला कुणी साखरपुड्यालासुद्धा बोलावलं नसतं.

आतल्या खोलीतून भाऊ बाहेर आले. लॅब त्यांची. आमच्या भागात ज्यानं लग्नाचे फोटो काढले, तो कधी ना कधी भाऊंची बोलणी खाऊन गेलेला आहे. भाऊ बारा महिने करडा शर्ट घालत. पेठेतल्या लोकांना वाटे, काहीतरी नवस असेल. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "लाल शर्ट घातला की पडद्यावर लाल सांडतंय. मग नवरी लाजली का तिला ताप आलाय, कसं कळायचं?" भिंतीही करड्याच. स्वतःच्या मुलीच्या लग्नात त्यांना काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, हट्टानं मोरपंखी कुर्ता घालायला लावला. भाऊंनी तो घातला, पण दिवसभर एकही फोटो बघितला नाही. कुणी कॅमेरा पुढे केला की म्हणत, "आज डोळं सुट्टीवर हायत."

दुसऱ्याच्या लॅपटॉपवर तर ते कधीच फोटो बघत नसत. फोटोग्राफरनं कौतुकानं झाकण उघडलं की भाऊ पाठ फिरवत. "तुझ्या घरातला आरसा मला दावू नगंस." फाइल आधी स्वतःच्या पडद्यावर, मग काकूंच्या जुन्या मोबाइलवर, मग छोटी प्रिंट काढून दारातल्या उजेडात, असा त्यांचा क्रम. तिन्हीकडे फोटो एकसारखा दिसला, तरच काम पुढे. मी त्यांच्याच हाताखाली काम करत होतो, पण स्वतंत्र झाल्याच्या तोऱ्यात हे फोटो त्यांना न दाखवताच पाठवले होते.

भाऊंनी मावशींना खुर्ची दिली, चहा सांगितला आणि माझी फाइल उघडली. क्षणात त्यांच्या ध्यानात आलं. सेटिंगमध्ये रंग मोजायची जेवढी मापं होती, त्यांतलं सगळ्यात मोठं मी निवडलं होतं. मोठं ते चांगलं, एवढंच माझं शास्त्र! वर फाइल बाहेर काढताना रंग कुठल्या मापातले ते सांगणारी खूणही काढून टाकली होती, फाइल हलकी व्हावी म्हणून.

"आकडा पाठवलास, माप सांगितलं न्हाईस," भाऊ म्हणाले. "तुझ्या एडिटरला माप ठावं हाय, म्हणून तिथं हळद पिवळी. मोबाइलनं तोच आकडा आपल्या लहान मापानं वाचला. रंग उतरंल न्हाई तर काय हुईल गड्या?"

त्यांनी तीच फाइल साध्या, सगळीकडे चालणाऱ्या मापात बदलून घेतली, प्रिंट काढली आणि मावशींना दारात उजेडाला नेलं. मावशींनी फोटोतल्या पोरीच्या गालावरून बोट फिरवलं. "व्हय," एवढंच म्हणाल्या.

मी खाली मान घालून उभा होतो. भाऊंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "फोटो ह्यानंच काढल्यात. बघा, पोरगी हसती कशी! असं हसू मला पकडता आलं नसतं. चुकलं ते भाईर काढताना, आन् ते माझ्या लॅबमधी चुकलं. म्हंजे माझंच चुकलं." पोरगी गेली ती अल्बम घेऊनच.

गेल्या हिवाळ्यात भाऊ गेले. लॅब आता मी चालवतो. साताऱ्यापर्यंतचे फोटोग्राफर अजून विचारतात, "तू भाऊंचा ना?" तेव्हा मी हो म्हणतो आणि उगीच ताठ उभा राहतो.

परवा पलूसच्या मावशींचा फोन आला. धाकटीचं लग्न ठरलंय, फोटो, अल्बम सगळं तू बघ म्हणाल्या. मी फुगलो. म्हटलं, "म्हणजे मावशी, माझं काम आवडलं होतं तर!"

"तुझं कसलं काम?" मावशी म्हणाल्या. "भाऊ न्हाईत आता, म्हणून तुला सांगाय लागतंय."