धुतलेला नकाशा

खासगी कोळसा खाणी सरकारच्या ताब्यात गेल्या त्या वर्षीच्या उन्हाळ्यात वडील विदर्भातून कोल्हापूरला आले आणि शिवाजी पेठेतल्या घरी पोहोचल्यावर तासाभरात त्यांना कळले की त्यांच्या एका खाणीचा नकाशा आत्याने धुतला आहे.

वडील खाण अभियंता होते. नोकरीची कागदपत्रे ते कोल्हापुरात ठेवत, कारण खाणीच्या वसाहतीत कागदाला वाळवी लागे. पदविका, व्यवस्थापकाच्या परीक्षेचे प्रमाणपत्र, वायू तपासणीचा दाखला, नंतरच्या खाणींतल्या नेमणुकीची पत्रे हे सगळे लोखंडी कपाटात व्यवस्थित होते. नव्या सरकारी कंपनीची छाननी समिती प्रत्येक अधिकाऱ्याचा अनुभव तपासणार होती. पुरावा पुरेसा असेल तो व्यवस्थापक राहणार, नसेल तो सहायक होणार. वडील तेव्हा व्यवस्थापक होते.

त्यांच्या पहिल्या खाणीतल्या वर्षांचा पुरावा मात्र एकच होता. ती खाण बंद पडली होती, मालक वारले होते, दप्तर कुणाकडे गेले ते कुणाला माहीत नव्हते. उरला होता तो वडिलांनी स्वतः मोजणी करून काढलेला, मालकाच्या सहीचा नकाशा. तो मेणकापडासारख्या दिसणाऱ्या ट्रेसिंगच्या कापडावर होता आणि गुंडाळी करून कपाटावर ठेवलेला असे.

हे कापड म्हणजे खळ चढवलेले तलम सुती कापड. गरम पाण्यात भिजवले की खळ जाते, शाई जाते आणि मलमलीसारखा मऊ तुकडा हाती येतो. खाणीतल्या लोकांच्या घरी बिघडलेले नकाशे असेच वापरात येत. वडील दर सुट्टीत असे तुकडे आणत आणि आत्या त्यांची झबली शिवे. आमच्या बोळातली बरीच मुले ती झबली घालून वाढली. त्या उन्हाळ्याआधीच्या हिवाळ्यात आत्याची मुलगी बाळंत झाली आणि कपाटावरची गुंडाळी खाली उतरली.

आत्या वडिलांपेक्षा मोठी, वडील तिला अक्का म्हणत.

"अरं, कापडच हाय की त्ये! दर खेपंला तूच म्हंतोस, अक्का, धू. आन आता डोळं वटारतोस व्हय?"

"अक्का, ते बिघडलेले असायचे. हा चांगला होता."

"मला काय ठावं? सगळ्या रेघा सारख्याच दिसत्यात. पर पोराला घामोळं न्हाय आलं बघ."

वडिलांनी बाळाच्या अंगातले झबले उजेडाकडे करून पाहिले. त्यावर काही नव्हते. संध्याकाळपर्यंत बातमी बोळात पसरली. समोरच्या सायकल दुकानदाराने विचारलेच, "काय सायेब, खाण धुतली म्हनं? कोळसा पांढरा झाला का न्हाय?"

"झाला की," वडील म्हणाले. "येऊन बघा, झबलं होऊन बाळाच्या अंगात आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माजघरात फरशीवर कागद पसरला आणि नकाशा आठवून काढायला घेतला. मी तेव्हा कॉलेजात होते. मी त्यांना विचारले की हे समितीला चालेल का. ते म्हणाले, "ते ठरवतील."

त्या खाणीच्या एका बाजूला जुनी, पाण्याने भरलेली पोकळी होती. पाणी आणि माणसे यांच्यामध्ये कोळशाची एक भिंत न तोडता राखून ठेवलेली होती. तिची जागा वडिलांनी ठरवली होती. ती नकाशावर चुकली असती तर पुढच्या पाळीने ती फोडली असती आणि पाणी आत आले असते. वडील तिथे होते तोवर पाणी आत आले नाही. ती भिंत त्यांनी सर्वांत आधी काढली.

जेवायला आत्याने चार वेळा हाक मारली. मग ताट तिनेच आणून कागदाशेजारी ठेवले आणि म्हणाली, "ह्यो कागदच हाय न्हवं? धुतला तर इरघळंल. बरं झालं."

नकाशा पुरा झाल्यावर वडिलांनी खाली स्वतःची सही केली. मालकाच्या सहीची जागा मोकळी ठेवली आणि तिथे लिहिले : 'मूळ नकाशा घरी धुतला गेला. हा स्मरणावरून काढला आहे.' आईने 'धुतला गेला' खोडून 'गहाळ' लिहायला सुचवले. त्यांनी खोडले नाही.

समितीपुढे मी नव्हते. पुढचे वडिलांनी सांगितले आणि त्याच दिवशी मुलाखतीला आलेल्या त्यांच्या एका सहकाऱ्याने नंतर मला तसेच सांगितले. बंद खाणीच्या नकाशाची एक प्रत कायद्याने सरकारी कार्यालयात द्यावी लागते. समितीने ती मागवली आणि वडिलांचा नकाशा तिच्या शेजारी ठेवला. भिंत दोन्हीकडे त्याच जागी होती. सरकारी प्रतीत मात्र उत्तरेला एक बोगदा जास्त होता. अध्यक्षांनी त्याबद्दल विचारले.

"तो मी तिथे असताना नव्हता," वडील म्हणाले. "नंतर कुणी काढला असेल तर मला माहीत नाही."

प्रतीवरच्या नोंदी पाहण्यात आल्या. तो बोगदा वडिलांनी नोकरी सोडल्यानंतरचा होता.

नेमणुकीचा हुकूम पावसाळ्यात शिवाजी पेठेच्या पत्त्यावर आला. पोस्टमनकडून तो आत्याने घेतला. हुकुमात पद व्यवस्थापकाचे होते. ऐंशीच्या दशकात वडील त्याच पदावरून निवृत्त झाले.