कुंपणाबाहेरची हातभर जागा

मुलांनो, मागच्या सुट्टीत तुम्ही मला व्हिडिओ कॉलवर तो राज्यांचा खेळ शिकवलात. सुरुवातीला आपलं एकच गाव असतं आणि त्याच्याभोवती रंगीत रेघेची हद्द. गाव वाढलं की हद्द पुढे सरकते. रेघेबाहेर आपल्याला काही बांधता येत नाही. ती जागा आधी पोहोचेल त्याची. मी माझी रेघ शेजाऱ्यापासून थोडी मागेच ठेवली. त्याचं गाव वाढलं आणि मधली जागा त्याच्या रंगाची झाली.

"आजी, जागा सोडलीस कशाला?" थोरली ओरडली.

सवय, बाळा. आपल्या उमेळे गावात वाडीचं, म्हणजे बागेचं, कुंपण हद्दीच्या हातभर आत घालतात, दोन्ही वाडीवाल्यांना जाता-येता यावं म्हणून.

त्यानंतर शेजारच्या वाडीत इमारतीचं काम निघालं. माणसं कामाभोवती आडोसा करायचे पत्रे घेऊन थेट माझ्या कुंपणापाशी आली.

मुकादम म्हणाला, "आजी, ही जागा तर तुम्हीच सोडलीय ना?"

मी खुर्ची आणली, हद्दीच्या दगडाला लावून मांडली आणि बसले.

"सोडलेली नाही, ठेवलेली आहे. मोजणीचा नकाशा घरात आहे, हवा तर बघा. पत्रे दगडापलीकडे लावा."

"ऊन लागेल, आजी."

"छत्री आहे."

संध्याकाळी पत्रे दगडापलीकडे उभे राहिले. कुंपण मात्र मी पुढे सरकवलेलं नाही. खेळात यापुढे तुमच्या रेघेला रेघ चिकटवीन. इथे हातभर जागा राहणारच, आणि खुर्चीही तिथेच राहील.